कानात पोहोचणारा आवाज मोजायला शिकवा : श्रवणयंत्र व्यावसायिकांचे शिक्षण ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
श्रवणयंत्र व्यावसायिकांच्या निरंतर शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या परिषदा, संघटना आणि अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या समित्यांचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी दोन्ही कानांत मशीन घालते आणि बैठकांची इतिवृत्ते लिहिणे हे माझे काम आहे. टेबलाभोवती दहा-बारा माणसे असतात. दोघे एकदम बोलतात, कोणी हनुवटीखाली हात घेऊन पुटपुटतो, वर एसी घरघरत असतो, आणि कोण काय म्हणाले ते मला नेमके उतरवायचे असते. एक ‘नाही’ ऐकायचा राहिला तर अख्खा ठराव उलटा होतो. माझ्या कानात मशीन बसवणाऱ्याला काय येते आणि काय येत नाही, यावर माझी नोकरी अवलंबून आहे. आपण केलेल्या नियमांचा परिणाम शेवटी माझ्या कानात होतो, म्हणून हे पत्र आपल्याला. आणि ते उघड लिहिते आहे, कारण आपल्यासमोर बसलेल्या तज्ज्ञाचा परवाना कशाच्या जोरावर पुढे चालू राहतो, हे मशीन वापरणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवे.

कारण घडले ते असे. माझ्या मशीनचे सेटिंग ज्या तरुण ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे श्रवणतज्ज्ञाने, अखेर जमवून दिले, ती ते कौशल्य एका प्रात्यक्षिक कार्यशाळेत शिकली होती. रजा काढून, पदरचे पैसे घालून. परवान्याच्या नूतनीकरणासाठी तिने त्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र जोडले, पण नूतनीकरणाला लागणाऱ्या शिक्षणाच्या तासांत ते तास धरले गेले नाहीत. आयोजक मान्यतेच्या यादीत नव्हते. त्याच काळात ती एका कंपनीच्या नव्या मॉडेलच्या सादरीकरणाला जाऊन बसली होती. ते तास मात्र पूर्ण मिळाले. तिने हे गाऱ्हाणे म्हणून सांगितले नाही, पुढची तारीख देताना सहज निघाले. मला मात्र ते गिळता आले नाही.

ती काय शिकून आली होती ते जरा सविस्तर सांगते.

त्याआधीची बरीच वर्षे माझ्या बाबतीत एकच गोष्ट होत आली. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीचा आलेख, काढायचा, आकडे संगणकात भरायचे, कंपनीच्या सॉफ्टवेअरमधले एक बटण दाबायचे की मशीन तयार. मग प्रश्न यायचा, “कसं वाटतंय?” शांत खोलीत, तीन फुटांवरून, तोंडाकडे बघत ऐकलेले बहुतेकांना कळते. मीही “बरं वाटतंय” म्हणायचे. बैठकीत गेले की आवाज मोठे आणि शब्द मात्र पूर्वीइतकेच पुसट. परत जाऊन सांगितले की उत्तर ठरलेले असायचे : “होईल हळूहळू सवय.” किंवा, “हे मॉडेल जुनं झालं, वरचं घ्या.”

ही मुलगी बटण दाबून थांबली नाही. आधी तिने कानात उजेड टाकून मळ आहे का ते पाहिले. मग एक मऊ, बारीक सिलिकॉनची नळी घेतली, तिच्यावरची खूण २८ मिलिमीटरवर सरकवली, कारण प्रौढ बाईच्या कानाला साधारण तेवढी लागते, आणि टोक कानाच्या पडद्यापासून पाचेक मिलिमीटरवर येईल अशी ती आत सोडली. नळी तशीच ठेवून वर मशीन चढवले. समोरच्या स्पीकरमधून बोलणे सुरू झाले. सहा बायकांनी सहा भाषांत वाचलेल्या मजकुराचे बारीक तुकडे जोडून केलेला तो चाचणीचा आवाज. चाल बोलण्याची, पण अर्थ कोणत्याच भाषेत लागत नाही. स्क्रीनवर दोन रेषा होत्या. माझ्या कानाला किती आवाज हवा, ती एक. पडद्यापाशी खरोखर किती पोहोचतो आहे, ती दुसरी. २,००० हर्ट्झपर्यंत दोन्ही जवळजवळ चालल्या होत्या आणि तिथून पुढे दुसरी खाली खाली घसरत गेली होती.

स, श, च यांसारख्या व्यंजनांची ओळख त्याच वरच्या पट्टीत असते. ‘साप’ की ‘ताप’ हे तिथे ठरते. म्हणजे इतकी वर्षे मला बैठकीत जे ऐकू येत नव्हते ते सवयीने येणार नव्हतेच. तो आवाज माझ्या पडद्यापर्यंत जातच नव्हता. तिने ती पट्टी वर घेतली, हळू, नेहमीच्या आणि मोठ्या आवाजात पुन्हा मोजले, डोम, म्हणजे कानात बसणारे मशीनचे मऊ टोपण, बदलला, शिटी वाजत नाही ना ते पाहिले. मशीन तेच राहिले. एक नवा पैसा खर्च न होता माझी इतिवृत्ते सुधारली.

याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात, हे आपल्याला मी सांगायला नको. पद्धत नवी नाही, आणि नेमकी हीच गोष्ट मला जास्त लागते. कोणत्या श्रवणदोषाला कोणत्या पट्टीत किती आवाज द्यायचा याची सूत्रे कधीपासून तयार आहेत. ऑस्ट्रेलियातल्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजचे एनएएल-एनएल१ १९९९ मध्ये आले, त्याची सुधारित आवृत्ती एनएल२ साधारण दशकभराने. डीएसएल या कॅनडातल्या तशाच सूत्राची पाचवी आवृत्ती २००५ ची. प्रौढाच्या कानाची पोकळी साधारण २,७०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप वाढवते, पण किती आणि नेमका कुठे, हे माणसागणिक बदलते. सॉफ्टवेअर सरासरी कान धरून चालते. माझा कान सरासरी आहे की नाही, हे नळी घालून पाहिल्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. बटण दाबून मिळणारे पहिले सेटिंग वरच्या पट्टीत सूत्रापेक्षा बरेचदा कमी भरते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत तीच माणसे आणि तीच मशीन घेऊन एकदा पहिले सेटिंग, एकदा कानात मोजून केलेले सेटिंग असे वापरायला दिले. हळू आवाजातले शब्द मोजलेल्या सेटिंगवर जास्त ओळखले गेले आणि शेवटी बहुतेकांनी तेच निवडले.

इतके सगळे माहीत असताना एखादा व्यावसायिक वर्षानुवर्षे एकदाही नळी हातात न धरता परवाना नवा करून घेऊ शकतो. ही माझी पहिली तक्रार आणि सगळ्यात मोठीही हीच. आपण तास मोजता. तासांत हजेरी मोजली जाते, हात काय करायला शिकले ते मोजले जात नाही. वेबिनार सुरू करून बाजूला दुसरे काम करणाऱ्यालाही तेवढेच तास मिळतात, शेवटचे पाच प्रश्न बरोबर आले की झाले. डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाचा आढावा १९९९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आला होता. नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरांच्या कामात फरक पडत नाही, स्वतः करून पाहायला लावणाऱ्या, चर्चेच्या आणि सरावाच्या सत्रांनी पडू शकतो, असे त्यात निघाले. तेव्हापासून पाव शतक लोटले. व्याख्यान ऐकून नळी नीट बसवता येत नाही. ती पडद्याला टेकली तर माणूस कळवळतो, उथळ राहिली तर वरच्या पट्टीचे आकडे खोटे येतात. हे हातालाच शिकावे लागते, आणि कोणीतरी शेजारी उभे राहून चूक दाखवावी लागते.

दुसरी तक्रार शिकवणाऱ्यांबद्दल आहे. कंपन्यांनी आपली उत्पादने समजावून सांगू नयेत असे मी मुळीच म्हणत नाही. नव्या मशीनचे सॉफ्टवेअर कसे चालते, चार्जर का बिघडतो, ब्लूटूथ कसे जोडायचे, हे त्यांच्याइतके चांगले कोण सांगणार? ते शिकणे गरजेचेच आहे. पण ते उत्पादनाचे प्रशिक्षण झाले. कोणाला मशीन नको आहे, कोणाचे जुने मशीन नीट लावून भागेल, कोणाला महागड्या मॉडेलचा काडीचा उपयोग नाही, हे प्रश्न त्या सत्रात कोण काढेल? सत्र विनामूल्य असते, तास मिळतात, सोय होते. स्वतंत्र प्रशिक्षणाला मात्र पैसे, रजा आणि प्रवास लागतो. दोन्हींना एकाच तागडीत घालून आपणच लोकांना पहिल्याकडे ढकलता. नुसते पैसे वाचवण्याचा दोष मी त्या व्यावसायिकांना देणार नाही. नियमच तशी वाट दाखवतो.

तिसरी तक्रार गंभीर आहे, कारण तिथे उशीर भरून निघत नाही. एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झालेला माणूस पुष्कळदा सरळ मशीनच्या दुकानात जातो. त्याला मळ वाटतो, सर्दी वाटते. अचानक आलेला संवेदी, म्हणजे आतल्या कानाचा किंवा नसेचा, बहिरेपणा असेल तर त्याला त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवले पाहिजे. स्टिरॉइडचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत, जितका लवकर तितका बरा. तिथे कोणी ‘ट्रायल घेऊन बघा, पुढच्या आठवड्यात या’ म्हणाले तर तो कान कायमचा जाऊ शकतो. कानातून येणारा स्राव, चक्कर, दोन कानांच्या ऐकण्यातला मोठा फरक, नाडीच्या ठोक्याबरोबर येणारा आवाज, ही सगळी थांबून डॉक्टरकडे पाठवण्याची लक्षणे आहेत. पदवीच्या वेळी ती शिकवली जातात, ठीक आहे. पण रोज वीस जणांना तपासणाऱ्याला ती दर नूतनीकरणाला पुन्हा उजळवायला नकोत का?

याच्याच दुसऱ्या टोकाला कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या यंत्राची, गरज असलेली माणसे आहेत. चांगल्या कानाला ऐकू येण्याच्या पातळीची सरासरी ६० डेसिबल किंवा त्याहून वाईट, आणि मशीनशिवाय शब्द ओळखण्याचे प्रमाण ६० टक्के किंवा कमी, असे असेल तर त्या व्यक्तीला इम्प्लांटच्या तपासणीसाठी पाठवा, असा सोपा ठोकताळा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. लक्षात ठेवायला दोनच आकडे. तरीही मशीनमागून मशीन बदलत राहिलेली, इम्प्लांटचा ‘इ’ सुद्धा कधी न ऐकलेली माणसे मला प्रतीक्षाकक्षात भेटतात. त्यांचे हातून जाणारे दिवस कोणत्या तासांत मोजायचे?

चौथे. स्मृतिभ्रंशाची भीती घालून मशीन विकले जाते, हे थांबवायचे तर संशोधन कसे वाचायचे हे शिकवावे लागेल. श्रवणदोष आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध आहे, लॅन्सेटच्या आयोगाने तो टाळता येण्याजोग्या धोक्यांत धरला आहे. पण ‘मशीन घातलं नाही तर विसरायला लागाल’ हे वाक्य त्यातून निघत नाही. २०२३ मध्ये ‘अचीव्ह’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. ७० ते ८४ वयाची ९७७ माणसे, तीन वर्षे. सगळ्यांचा मिळून विचार केला तर श्रवणोपचाराने आकलनाच्या ऱ्हासात फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासूनच धोका जास्त होता त्या गटात मात्र ऱ्हास ४८ टक्क्यांनी मंदावला. दोन्ही वाक्ये खरी आहेत आणि दोन्ही एका दमात सांगता आली पाहिजेत. घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसाला फक्त दुसरे वाक्य ऐकवणे हे शिक्षणाचे अपयश आहे. नीट ऐकू आले तर नातवंडांशी बोलता येते, फोन उचलावासा वाटतो, माणूस घरातल्या घरात एकटा पडत नाही. मशीन घ्यायला एवढे कारण पुरेसे आहे, त्याला भीतीची जोड कशाला?

पाचवी तक्रार आमचे ऐकून घेण्याबद्दल. ऑडिओग्राम सारखाच असलेल्या दोघांपैकी एकाला गोंगाटात बोलणे समजते, दुसऱ्याला समजत नाही. शुद्ध सुरांच्या चाचणीत हा फरक दिसत नाही. गोंगाटातल्या बोलण्याची वेगळी चाचणी घ्यावी लागते, आणि ती माझी कधीच घेतली गेली नव्हती. माझी अडचण बैठकीची आहे, दुसऱ्या कोणाची देवळातल्या प्रवचनाची किंवा फोनची असेल. कोझी नावाची एक साधी पद्धत १९९७ पासून आहे. माणसाला त्याचे अडचणीचे पाच प्रसंग त्याच्याच शब्दांत विचारायचे, लिहून ठेवायचे आणि मशीन बसवल्यावर त्यांतला एकेक पुन्हा विचारायचा. कागद आणि पेन लागते, बाकी काही नाही. पण समोरच्याचे बोलणे मधेच न तोडता ऐकणे, त्याला काय अपेक्षा ठेवता येईल हे खरेपणाने सांगणे, सोबत आलेल्या सुनेशी किंवा मुलाशी न बोलता त्याच्याशीच बोलणे, ही कौशल्ये आहेत. ती सरावाने येतात. अभ्यासक्रमांच्या याद्यांत ती शोधून पाहा, फार थोडी सापडतील.

लहान मुलांबद्दल मी अधिकाराने बोलू शकत नाही, ते पालकांनी लिहावे. एवढेच म्हणते की बाळाच्या कानाची पोकळी लहान असते, त्यामुळे त्याच मशीनचा आवाज तिथे मोठ्या माणसापेक्षा जास्त चढतो आणि मूल वाढेल तसा बदलत जातो. तिथे सरासरी धरून चालणे मोठ्यांपेक्षाही धोक्याचे.

आणि एक छोटी गोष्ट. केंद्रांत मशीन साफ करून देणारे, पावती फाडणारे, फोन घेणारे सहायक असतात. ‘मशीन बंद पडलं’ म्हणून आलेल्या माणसाचा वॅक्स गार्ड मळाने भरलेला असतो; टाचणीच्या डोक्याएवढी ती जाळी बदलली की मशीन चालू होते. हे माहीत नसलेला सहायक मशीन दुरुस्तीला पाठवतो आणि माणूस पंधरा दिवस मशीनशिवाय बसतो. त्यांच्या शिक्षणाची जबाबदारीही कोणीतरी घेतली पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात सुमारे ४३ कोटी लोकांना श्रवणदोषासाठी पुनर्वसनाची गरज आहे, आणि श्रवणयंत्राचा फायदा होऊ शकेल अशांपैकी जेमतेम १७ टक्के ते वापरतात. उरलेल्यांपर्यंत पोहोचायचे तर मशीनही हवीत आणि माणसेही हवीत, याबद्दल वाद नाही. पण जे आले, ज्यांनी पैसे मोजले, कानात घातले, त्यांच्यापैकी कितीकांचे मशीन आज कपाटाच्या खणात पडून आहे, हे आपण आपल्या ओळखीतल्या कोणत्याही घरात विचारून बघा. घरचे म्हणतात, ‘आजोबा हट्टी आहेत, घालतच नाहीत.’ त्या आजोबांच्या कानात नळी घालून कोणी मोजले होते का, हे कोणी विचारत नाही.

आता मागण्या सांगते. त्यांतली एकही अशक्य नाही.

दर नूतनीकरणाला प्रात्यक्षिक सक्तीचे करा. परीक्षकासमोर, खऱ्या माणसाच्या कानात नळी बसवून, तीन पातळ्यांवर मोजून, सेटिंग सूत्राच्या पाच डेसिबलांच्या आत आणून दाखवावे. जमले नाही तर शिक्षा नको. पुन्हा शिकवा, पुन्हा बघा. ज्यांच्या केंद्रात यंत्रणाच नाही त्यांना ती मिळेपर्यंत सरावासाठी सामायिक जागा द्या.

कंपन्यांची सत्रे वेगळ्या रकान्यात धरा आणि एकूण तासांत त्यांना मर्यादा घाला. मर्यादा किती, ते जाहीर चर्चा करून ठरवा, पण अर्ध्याहून बरीच कमी असावी असे माझे मत आहे. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला खर्च कोणी केला ते सांगणे बंधनकारक असू द्या.

डॉक्टरांकडे पाठवण्याची लक्षणे आणि इम्प्लांटचे निकष दर वेळी अनिवार्य ठेवा. तासाभराचे काम आहे. त्यात खऱ्या, नावे वगळलेल्या केसेस द्या आणि ‘तुम्ही काय कराल?’ असे विचारा.

स्वतंत्र कार्यशाळांना मान्यता मिळवण्याचा मार्ग सोपा आणि स्वस्त करा. चार शिक्षक एकत्र येऊन चांगले शिकवत असतील तर त्यांचा अर्ज कागदपत्रांत अडकू नये. ज्यांनी प्रामाणिकपणे शिकून घेतले पण ज्यांचे तास धरले गेले नाहीत, त्यांना मागील प्रमाणपत्रे तपासणीसाठी दाखल करायची मुभा द्या.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्या प्रत्येक समितीवर श्रवणयंत्र वापरणारी किमान दोन माणसे घ्या, मतदानाच्या अधिकारासह. आणि त्या बैठकांत आम्हाला ऐकू येईल अशी व्यवस्था ठेवा : माइक, लूप (माइकचा आवाज सरळ मशीनमध्ये पोहोचवणारी तार), लिखित मजकूर. एका वेळी एकानेच बोलावे. हे सांगावे लागू नये, पण अनुभव आहे म्हणून सांगते.

कोणत्या व्यावसायिकाने कानात मोजण्याचे प्रात्यक्षिक पूर्ण केले आहे, ही यादी सर्वांना पाहता येईल अशी ठेवा. आम्ही पैसे देतो, कान देतो, वर्षे देतो. कोणाकडे जायचे ते ठरवण्यापुरती माहिती आम्हाला हवी.

यातल्या कोणत्या मागण्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत, आणि नसतील तर का, याचे लेखी उत्तर जाहीरपणे द्यावे ही विनंती. फोन करू नये. फोनवर मला अजून सगळे कळत नाही, आणि हे उत्तर मला शब्दन्‌शब्द कळायला हवे.

आपली विश्वासू,
श्रवणयंत्र वापरणारी एक इतिवृत्तलेखिका